नांदेड सोडून सगळीकडे

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा. रेणापूरचा माळ.

ताजी बातमी: माझ्या हॅम रेडिओचे पाच वॅट आज इटलीत पोचले. कन्फर्म केलं मार्को नावाच्या एका पेन्शनरने, मिलानच्या जवळून. पाच वॅट म्हणजे देवघरातला बारका बल्ब जेवढी वीज खातो तेवढी. सोबत चिंचेच्या झाडाला टांगलेली तार आणि मोटारसायकलची बॅटरी. मार्को तीन वेळा ब्राव्हो म्हणाला.

नांदेडहून कन्फर्मेशन नाही.

बबिता भाऊबीज झाल्यावर पुनमकडे नांदेडला गेली आहे. लेक आहे, जावई चांगला आहे, नात लहान आहे, थोडे दिवस राहणारच. जाताना रेडिओचा जुना सेट तिने स्वतः बॅगेत घातला. मी सांगितलेलं नव्हतं. यावरून तिचा विचार स्पष्ट होतो. बालाजीने, म्हणजे जावयाने, गच्चीवर तार बांधून दिल्याचं कळलं. मी स्टँडवर तिला शेड्यूल दिलं: दर रविवारी पाच वाजता, लांबच्या देशांचा वीस मीटरचा बँड, मी माळावरून बोलावणार. ती काही बोलली नाही. बबिताला एखादी गोष्ट पटली की ती बोलत नाही.

शिवाय शिलाई मशीन इथेच आहे. जो माणूस मशीन ठेवून जातो तो परत येतो. सध्या मी सेट तिच्या मशीनवर मांडला आहे. उंची अगदी बरोबर. पायाखाली पॅडल येतं, तेवढी सवय करावी लागते.

आज वीस मिनिटं बोलावलं. उत्तर नाही. कारण: बँड नुकताच उघडत होता, म्हणजे सिग्नल जेमतेम जायला लागले होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

सूर्यावर स्फोट झाला! मोबाइलवर बातमी आहे. सिग्नल परतवणारा आभाळातला थर, आयनोस्फिअर, विस्कळीत, जगभर रेडिओ बंद. म्हणजे रविवारी त्याचीच पूर्वतयारी चालू असणार. शेजारच्या सायकल दुकानवाल्या पंढरीला हे समजावून सांगितलं. पंढरी म्हणाला, अंगदराव, सूर्य फुटो नाहीतर चंद्र फुटो, रामलिंगअप्पाची मोटार कधी देणार? त्यांचा हरभरा वाळून राहिलाय.

रामलिंगअप्पाच्या पंपाची मोटार माझ्याकडे वायंडिंगला आहे. तिच्यासाठी आणलेली तांब्याची तार सध्या चिंचेवर आहे. उद्या नवी तार आणायची. निश्चय.

रविवार, १६ नोव्हेंबर. खरोशाचा डोंगर.

मुद्दा उंचीचा आहे. माळ बसका. म्हणून औशाच्या पुढे, खरोशाच्या डोंगरावर आलो. तार झाडावर चढवायला गोफण नेली होती, दोरीला दगड बांधून भिरकवायचा. माझा नेम लहानपणापासून चांगला. पहिला दगड झाडावरून गेला आणि पलीकडच्या कपारीत लागला. तिथे आग्या मोहोळ होतं.

जॉर्जिया, बल्गेरिया, आणि पुन्हा मार्को. तिघांनी कन्फर्म केलं. मी डोळे मिटूनच बोलत होतो, कारण उघडत नव्हते. मार्कोने विचारलं, आवाज आज वेगळा का? ओठ सुजलाय हे इंग्रजीत सांगता आलं नाही. कंडिशन्स म्हणालो, म्हणजे वरच्या हवेची तब्येत.

नांदेड: निरंक. कारण: पाच ते सव्वापाच मी पळत होतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

सूज उतरली. रामलिंगअप्पा येऊन गेले. नवी तार आणली आहे असं सांगितलं. आणलीच आहे. खरोशाला अर्धी अडकून राहिली, म्हणून नवीतली थोडी घेतली.

घरात दोन दिवस वरणाला फोडणी नाही. मोहरीचा डबा सापडत नाही. बबिता असती तर विचारलं असतं. रेडिओवर विचारता येईल, फक्त बँड उघडला पाहिजे.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

बिलोलीहून भुजंगचा फोन. भुजंग किनवटला आश्रमशाळेत हॉस्टेलचा गृहपाल होता, आता रिटायर होऊन घरी बसून शंभर वॅटवर बोलतो. शंभर वॅटवर कुणीही बोलेल. त्याला मी रेडिओ शिकवला, पण तो मला गुरूसारखं वागवत नाही.

तो म्हणाला, अंगदराव, लई उंच गेलात म्हणं. खरोशाला माशा चावल्या म्हणं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, हवेत कळतं सगळं. मग म्हणाला, इटली इटली काय करून राहिलात, जरा खाली या की. तार खाली घ्या. बँड खाली घ्या. चाळीस मीटरवर या, संध्याकाळी आम्ही सगळे तिथंच असतो. उंच तारेवरून सिग्नल उडी मारतो, जवळच्या गावावरून पार जातो, थेट परदेशात पडतो. नांदेड तुमच्या उडीच्या खाली येऊन राहिलंय. जवळच्याशी बोलायचं तर तार माणसाच्या डोक्याइतकी खाली पाहिजे.

हे मला माहीत नाही असं नाही. मीच त्याला शिकवलं होतं. पण चाळीस मीटर म्हणजे गावचा पार. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचं सोयाबीन किती झालं. मी तिथे जात नाही. बबिताला मी आंतरराष्ट्रीय बँडवर बोलावतोय, त्यात तिचा मानच आहे.

फोन ठेवताना म्हणाला, वहिनीचा खोकला कमी झाला वाटतं. मी म्हणालो, हो, बराच. तिला खोकला झाला होता हे मला माहीत नव्हतं. भुजंगला कसं माहीत? बालाजीचा मित्र असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर. हत्तीबेट.

आणखी उंच. उदगीरच्या बाजूचं हत्तीबेट. वर देवस्थान आहे, पायऱ्या आहेत, माकडं आहेत. माकडांनी बॅटरीची वायर तपासली. गावातली माणसं जमली. हवामान खात्याचे का, असं एकाने विचारलं. नाही म्हणालो तर म्हणाला, मग टॉवरवाले असाल, आमच्या तांड्याला रेंज न्हाई, लिहून घ्या. सगळ्यांची तक्रार ऐकून घ्यावी लागली. एक म्हातारी म्हणाली, कुणाला बोलावलालास रं एवढं जीव तोडून? मी म्हणालो, घरच्यांना. ती म्हणाली, मग फोन लाव की, माझ्या लेकाकडं हाय फोन.

अडाणी लोकांना हौसेतला फरक कळत नाही.

फोनचा मुद्दा एकदा नीट लिहून ठेवतो. फोन न करण्याचं कारण तत्त्वाचं आहे. फोन कुणीही कुणालाही लावतो. आणि फोनवर तिने नाही म्हटलं तर ते नाही होतं. रेडिओवर ती अजून एकदाही नाही म्हणालेली नाही.

कतार, सर्बिया, मार्को. नांदेड नाही. कारण: माकडं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

रिकामा दिवस. जुनी वही चाळली. लायसन्सची परीक्षा आम्ही दोघांनी बरोबर दिली होती. मी एकटा जाऊन कंटाळेन म्हणून तिला बसवलं. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. पेपर सोपा होता.

तेव्हा एक अडचण आली होती. रेडिओवर समोरच्याचं नाव घेऊन बोलायची पद्धत आहे. बबिताने आयुष्यात माझं नाव घेतलेलं नाही, लग्नातल्या उखाण्यातही मैत्रिणीवर ढकललं होतं. मग तिला कळलं की रेडिओवाले एकमेकांना ओल्ड मॅन म्हणतात, वय काही असो. ती इतकी हसली. घरात पण सुरू केलं. ओल्ड मॅन, जेवायला बसा. ओल्ड मॅन, दळण आणा. मी कडक शब्दांत सांगितलं होतं की कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, आणि पदव्यांची घरात थट्टा नको.

आता वाटतं, म्हणू द्यायला हरकत नव्हती.

रविवार, ७ डिसेंबर. घरी.

मागच्या रविवारी बांबू आणायला गेलो होतो, म्हणून माळावर गेलो नाही. आज घरामागे तीन बांबू जोडून उभे केले. शेजारच्या गच्चीपेक्षा उंच. पंढरीने खालून धरला. वारा आला. तिसरा बांबू मोडून पंढरीच्या दुकानाच्या पत्र्यावर पडला. पंढरी दिवसभर बोलला नाही. त्यालाही गोष्ट पटली असावी.

रामलिंगअप्पा मोटार तशीच उचलून लातूरला घेऊन गेले. जाताना म्हणाले, बबिताबाई होत्या तोवर तुमच्या दुकानात माणसाला खरी तारीख कळत होती.

तारखा तीच सांगायची हे खरं आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

पुनमचा फोन. वेळा अमावास्येच्या येळवशीला येणार का असं मी विचारलं, म्हणजे तू, बालाजी आणि आई. ती म्हणाली, बाबा, आईला विचारा ना. मी म्हणालो, विचारतोच आहे, दर रविवारी विचारतोय, कंडिशन्स नाहीत. ती मग म्हणाली, बाबा, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी पण कंडिशन्सच होत्या ना?

पुनम तिच्या आईवर गेली आहे, मनात ठेवते. ते ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं. साधं, दुर्बिणीतलं. अकराला आत नेणार होते आणि त्या दिवशी सकाळी जपान उघडला होता. असं वर्षातून क्वचित होतं. मी बाराच्या आत पोचलो होतो. शुद्धीवर आली तेव्हा मी समोर होतो. ती म्हणाली, जपान लागला का? मी म्हणालो, लागला. ती म्हणाली, चांगलं झालं. तिला आनंदच झाला होता.

फोन ठेवताना पुनम म्हणाली, रडू येतंय, ठेवते. नात रडत असेल.

रविवार, १४ डिसेंबर.

ठरलं. येळवस शुक्रवारी आहे. सगळा जिल्हा शेतात असतो, गावात कुत्रं सुद्धा राहत नाही. मीही आमच्या वाटणीच्या शेतात जाणार, देविदासकडे. देविदास माझा धाकटा भाऊ, शेत तोच बघतो. सेट बरोबर नेणार. येळवशीची ताक-पिठाची आंबील आमच्याकडे बबिताच्या हातची असते. यंदा धुरपता, म्हणजे देविदासची बायको, करणार आहे. तिच्या हाताला आंबटपणा कमी येतो. हे बबिताला कळलं तर ती पुढच्या बसनं येईल. निरोप एवढाच द्यायचा आहे: ये. बाकी ती समजून घेईल.

भुजंगने परत मेसेज टाकला: येळवशीला पाचला चाळीसवर सगळे शेतातून. तुम्ही पण या. तार खाली.

बघू.

शुक्रवार, १९ डिसेंबर. येळवस. शेतातून, मग घरी आल्यावर.

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी कोपी केली. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, त्यांची पूजा. मग आंबील शिंपडत कोपीला फेरा मारायचा. आमच्यात फेरा जोडीनं मारतात. देविदास आणि धुरपता पुढे, त्यांच्या मागे मी. धुरपता मागे न बघता म्हणाली, भावजी, तुमच्या मागं एका माणसाची जागा ठिवून चालून राहिलाव काय? मी नेहमीसारखाच चालत होतो.

शेंगा-भाज्यांची भज्जी चांगली झाली होती. बाजरीचे उंडे चांगले. आंबील गोड. दुसऱ्यांदा कुणी मागितली नाही.

पाच वाजता सेट काढला. शेतात उंच झाड नाही. बांबू मोडलेले. एक बाभूळ आहे, तीही बसकी. नाइलाजाने तार कोपीच्या मेढीपासून बाभळीपर्यंत बांधली. माझं डोकं लागत होतं. एवढ्या खाली मी आयुष्यात तार बांधली नव्हती. तेवढ्यात वीस मीटर ऐकला. मार्को होता. त्याला उत्तर दिलं नाही. प्रयोग म्हणून चाळीसवर आलो.

आवाजच आवाज. इतके दिवस मी ज्या बँडवर बसत होतो तिथे जग एका चिमटीत बोलतं, किड्यासारखं. इथे माणसं कानाला लागून बोलत होती. भुजंग बिलोलीच्या शेतातून, मागे ट्रॅक्टरचा आवाज. उदगीरचा मलप्पा, त्याचं मराठी अर्धं कानडी. आणि एक बाई. सिग्नल एकदम स्वच्छ. बोलण्याची पद्धत उत्तम, एकाला संपवून मगच दुसऱ्याला जागा देते. मलप्पा तिला म्हणत होता, अक्का, ताक आधी की पीठ आधी, नीट सांगा, मागच्या रविवारी सांगितलेलं माझ्या बायकोनं उलटं केलं. ती हसली. म्हणाली, ओल्ड मॅन, तुम्हीच एकदा करून बघा की, बायकोच्या नावावर कशाला ढकलताव?

मी मनात म्हटलं, कोण आहे ही, हिला मी ऐकलं कसं नाही कधी. मग तिने कॉलसाइन सांगितली.

घरात तिचं हसणं मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवत होतो. तोवर दोन-तीन माणसं बोलून गेली.

मी माईक दाबला. माझी कॉलसाइन म्हणालो. सगळे गप्प झाले. इतके गप्प की बँड मेला असं वाटलं. मग भुजंगचा आवाज आला, हळू, त्याच्या स्वभावात नाही तसा. म्हणाला, पाच वॅटचं स्टेशन आहे, सगळ्यांनी जागा द्या. वहिनी, तुम्ही घ्या.

तिने घेतलं. माझी कॉलसाइन पूर्ण म्हणाली, मग तिची. म्हणाली, तुमचा सिग्नल फाइव्ह नाइन. म्हणजे यापेक्षा स्वच्छ सिग्नल नसतो. म्हणाली, माझं ठिकाण नांदेड. नाव बबिता. ओव्हर.

हे मला माहीत होतं. पण पद्धत अशीच आहे.

मीही सांगितलं. तुमचाही सिग्नल फाइव्ह नाइन. ठिकाण रेणापूर शिवार. पाच वॅट. तार सहा फुटांवर, कोपीला बांधली आहे. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. ओव्हर.

ती म्हणाली, सगळं पोचलं. माझ्यासाठी आणखी काही निरोप आहे का? ओव्हर.

सगळा बिलोली-उदगीर ऐकत होता. देविदास कोपीपाशी उभा होता, धुरपता भांडी गोळा करायची थांबली होती. सूर्यावर काही नव्हतं. बॅटरी भरलेली. माकडं नाहीत, माशा नाहीत, वारा नाही. असा प्रश्न आला की कुठलाही ऑपरेटर जे म्हणतो ते मी म्हणालो. नेगेटिव्ह. ओव्हर.

फक्त हवा ऐकू येत होती. मग म्हणाली, थँक यू, अंगदजी. भेटू कधीतरी. आणि पुढच्या स्टेशनला बोलावलं.

अंगदजी. अनोळखी माणसाला म्हणतात तसं. किती सहज नाव घेतलं.

सिग्नलमध्ये काही दोष नव्हता. मी तपासलं.

शनिवार, २० डिसेंबर. दुपार.

ताजी बातमी: बबिता दिवाळीपासून दर रविवारी पाच वाजता सेटवर असते. कन्फर्म केलं भुजंगने. म्हणाला, अंगदराव, पहिल्याच रविवारी तिनं तुमच्या बँडवर अर्धा तास वाट बघितली. काही आलं न्हाई. मग चाळीसवर आली. म्हणाली, ते खाली आले तर इथंच सापडतील. म्हणून तर मी तुमच्या मागं लागलो होतो. सरळ सांगू नका म्हणून तिनं शपथ घातली होती. म्हणाली, सांगून आले तर काय उपयोग.

खोकल्याचं विचारलं. हाव, म्हणाला, महिनाभर होता. आता बरा आहे.

मी म्हणालो, काल अचानक विचारल्यामुळे तयारी नव्हती. पुढच्या वेळी निरोप तयार ठेवतो. भुजंग म्हणाला, अंगदराव, जागा दिली होती की सगळ्यांनी.

शनिवार, संध्याकाळ.

आणखी एक बातमी. कन्फर्म केलं पुनमने. आईने लायसन्सवरचा पत्ता नांदेडचा करून घेतला. घराजवळ ब्लाउज शिवायचं काम मिळालं आहे, गिऱ्हाईकं येऊ लागली आहेत, दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस भागवणार. म्हणून उद्या सकाळच्या बसनं येतेय. मशीन न्यायला.

मी विचारलं, राहणार का? पुनम म्हणाली, बाबा, परतीची बस दुपारचीच आहे.

मी विचारलं, काही म्हणाली का? पुनम म्हणाली, हो. मोहरीचा डबा फळीवर पिठाच्या डब्यामागे आहे, सांग म्हणाली.

बघितलं. तिथेच होता.

मशीनवरचा सेट उतरवून जमिनीवर ठेवला. वायरी गुंडाळल्या. मशीन पुसलं. पॅडलमध्ये तांब्याच्या तारेचे तुकडे अडकले होते, ते काढले, तेल घातलं, पाय मारून पाहिलं. चालतं.

उद्या रविवार. सकाळी कंडिशन्स चांगल्या राहतील, जपान उघडेल असा अंदाज मोबाइलवर दिसतो आहे. माळावर जात नाही. बस स्टँड घरापासून जवळ आहे, पण मशीन बिडाच्या लोखंडाचं, एकट्याला उचलत नाही. एका बाजूने ती धरेल, एका बाजूने मी. मध्ये हातभर अंतर. स्टँडपर्यंत तेवढं चालायचं आहे.